माझ्या नावाचं रिव्हॉल्व्हर

“उघड की,” संग्रामराव म्हणाले. “सगळे खोळंबलेत.”

सगळे म्हणजे खडीच्या क्रशरवरचे त्यांचे दोस्त, देवस्थळी वकील आणि माझी शाळकरी लेक केतकी. आमच्या लग्नाचा वाढदिवस होता. मटणाची जेवणं उरकली होती, पानाचं तबक फिरत होतं आणि माझ्या मांडीवर लाल रिबिनीचा खोका होता. मी मनात पैठणी धरली होती. रिबीन सोडली तर आतून नव्या कातड्याचा वास आला. तपकिरी पट्टा आणि त्याला अडकवलेलं कातडी म्यान. रिकामं.

“आत काहीच नाही,” मी म्हटलं.

“आत बसायचं ते मागनं येतंय. आदी लायसन.” संग्रामरावांनी दोस्तांकडं बघितलं. “बायकोला रिव्हॉल्व्हर भेट देणारा नवरा बघितलाय का कुणी तालुक्यात?”

टाळ्या पडल्या. “वैनी, आता दादांनी आवाज चढवला की नुसता कमरेला हात लावायचा!” असं कोणीतरी म्हणालं आणि हसण्याचा गदारोळ झाला. मला उभं करून पट्टा बांधायला लावला. तो माझ्याभोवती दीड वेढा फिरला, कमरेवरून घसरला आणि पायाशी पडला. केतकी टाळ्या वाजवत हसली. मीही हसले. कासार बांगडी भरायच्या आधी हात बघतो, तसं पट्टा घेणाऱ्यानंही पोट बघितलेलं असतं. हा कुणाचं पोट बघून आणलाय ते मला तिथंच कळलं. त्या पोटासाठी दोन वेळच्या भाकरी मीच थापत होते.

नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नाही. पण सांगताना ‘हे’ आणि ‘ते’ करत बसलं तर ऐकणाऱ्याचा गोंधळ होतो, म्हणून घेते. आता या गोष्टीला बरीच वर्षं झाली. गाव आमचं माणदेशातलं, कुसळं आणि खडक पिकवणारं. संग्रामरावांनी त्या खडकातूनच बरकत काढली. क्रशर टाकला, जीप घेतली, गळ्यात साखळी आली. कमरेला रिव्हॉल्व्हर तेवढं राहिलं होतं. त्यासाठी स्वतःच्या नावानं केलेला अर्ज सरकारनं फेटाळला होता, कारण एका ट्रकवाल्याचा त्यांनी पहारीनं हात मोडला होता आणि ती केस अजून कोर्टात होती. मग त्यांना लग्नाचा वाढदिवस आठवला. त्याआधी तो त्यांना कधी आठवल्याचं मला आठवत नाही.

मंडळी पांगल्यावर वकील मागं राहिले. देवस्थळी वकील सभ्य माणूस. कायदा सांगताना त्यांचा आवाज देवळात बोलल्यासारखा व्हायचा. मी त्यांना विचारलं, “म्हणजे आता हे दुकानातून आणून मला देणार का?”

“छे, छे. साडी आणली आणि कपाटात ठेवली, असं नाही होत वहिनी. हत्यार भेट देता येत नाही. आधी तुमच्या नावाचं लायसन. मग त्या लायसनवर हत्यार तुम्ही घ्यायचं. पैसे दादांनी भरले तर भरू देत. हत्याराचा नंबर तुमच्या लायसनवर चढणार, आणि ते राहणार तुमच्या ताब्यात. नवरा झाला म्हणून त्यानं ते कमरेला लावून फिरायचं नाही.”

“आणि फिरला तर?”

“तर गुन्हा. त्यांचा, लायसन नसताना बाळगलं म्हणून. आणि तुमचा, त्यांच्या हातात दिलं म्हणून.”

संग्रामराव सुपारी कातरत होते. “ऐक, ऐक. शाळा सुरू झाली.”

मी म्हटलं, “आणि त्यातून गोळी सुटली तर?”

वकिलांनी अंगठ्यावरचा चुना पानाला पुसला. तो पुसायला त्यांना जरा जास्तच वेळ लागला. “तर पोलीस पहिल्यांदा लायसनवर नाव कुणाचं ते बघतात.”

“बघू देत की,” संग्रामराव म्हणाले. “ती काय पळून चाललीय?” मग माझ्याकडं वळून, “जा, चा ठेव. तुला काय कळतंय त्यातलं.”

मी चहा ठेवला. मला त्यातलं सगळं कळलं होतं. मी दोन वर्षं कॉलेजात काढलेली बाई, लग्नाआधी कोर्टकचेरीच्या बातम्या वडिलांना वाचून दाखवायचे. पण या घरात शहाणपण उंबऱ्याबाहेर चपलांपाशी काढून ठेवावं लागतं, हे मी पहिल्याच वर्षी शिकले होते. एखादा शब्द जास्त बोलले की ‘खुळीय ती’ म्हणून तो विषय तिथंच संपायचा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, आणि मार नसतानाही तोंड दाबलेलंच असतं.

पुढच्या आठवड्यात तालुक्याच्या ठाण्यात जबाबाला बोलावलं. तिथले फौजदार संग्रामरावांच्या पत्त्याच्या अड्ड्यावरचे. मला खुर्ची दिली, चहा दिला, आणि आधीच टाइप करून ठेवलेला जबाब फौजदारांनी वाचून दाखवला.

“माझे पती व्यवसायानिमित्त सतत बाहेर असतात. मी घरी एकटी असते. माझे चुलत दीर यशवंत ऊर्फ बापू काटकर हे सामाईक टेकडीच्या वादावरून मला जिवे मारण्याची धमकी देतात. ते हातात नंगी तलवार घेऊन माझ्या दारात आलेले आहेत. हे गावातील लोकांनी पाहिलेले आहे.”

मी कपबशी खाली ठेवली. “अहो, पण बापूभावजी तलवार घेऊन येतात ते—”

“येतात का न्हाई?” संग्रामराव म्हणाले. “मग खोटं काय लिवलंय त्यात? सही कर.”

बापूभावजी म्हणजे आमच्या थोरल्या पातीचे, घराण्याच्या थोरल्या शाखेतले. लग्न केलेलं नाही, मागंपुढं कुणी नाही. शेरडं राखायची, विहिरीवर गप्पा हाणायच्या, असा माणूस. गावामागची टेकडी दोघांची सामाईक. संग्रामरावांना तिला सुरुंग लावायचा होता आणि बापूभावजी सही देत नव्हते. “आज्जा-पणज्यांनी गुरं चारली त्या टेकडीची मी खडी करू?” एवढंच त्यांचं म्हणणं. दोन वर्षं दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. पण खंडेनवमी आली की भांडण एका दिवसासाठी खुंटीला टांगायचं, ही आमच्या घराची रीत. दसऱ्याच्या आदल्या दिवशी घरातली हत्यारं पुजतात. आमच्या घराण्याची तलवार थोरल्या पातीकडं आणि देवघर आमच्याकडं. म्हणून त्या दिवशी बापूभावजी अंघोळ करून, फेटा बांधून, म्यानातून काढलेली तलवार दोन्ही हातांनी धरून आमच्या दारी येतात. हलगी पुढं वाजते. हलगीवाले फाटकाशी थांबतात आणि भावजी एकटे अंगणातून उंबऱ्यापर्यंत येतात. मी त्यांच्या पायावर पाणी घालते, तलवारीला आणि त्यांना ओवाळते. ओवाळणीत ते मला साडी टाकतात.

मी सही केली. फौजदार समोर, नवरा बाजूला, दाराशी शिपाई. तिथं नाही म्हणायला माझ्या अंगात जे लागतं ते नव्हतं.

परत येताना जीपमध्ये मी हिंमत करून म्हटलं, “त्या गरीब माणसाचं नाव कशाला घातलं? हौसच होती तर चोरांचं नाव घालायचं.”

संग्रामराव खुशीत होते. खुशीत असले की ते मला नावानं हाक मारायचे. “कुमुद, तुला कायबी करायचं न्हाई. औंदा खंडेनवमीला ताट घेऊन दारात उभी राहा, दरसालासारखी. बापू तलवार घिऊन येणार. मी आत असणार, दाराआड. गोळी सुटंल. ती तुझ्या हातनं सुटली, एवढंच सांगायचं. जबाब तर आदीच दिलेला हाय. एकटं बाईमाणूस, समोर नंगी तलवार. जीव वाचवायला बार काढला. बाईला कोर्ट सोडतंय.”

ते भाजीचा भाव सांगावा तसं बोलत होते. मी रस्त्याकडं बघत राहिले.

“आणि नाही सोडलं तर?”

“तर मी हाय की बाहेर. केतकीकडं मी बघीन.” त्यांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली. “टेकडी मोकळी होती बघ. मागं कुणी न्हाई त्याच्या.”

तर भेट ही होती. मला वाटलं होतं, माझं नाव वापरून हे मिरवणार. माझं नाव वापरून हे माणूस मारणार होते, आणि मला तुरुंगाच्या दारात उभं करून टेकडी घेणार होते. खंडेनवमीला महिना राहिला होता.

त्या दिवसांत मला घराच्या भिंती जवळ आल्यासारख्या वाटायच्या. कुणाला सांगावं? फौजदार तर त्यांचेच. माहेरी वडील गेलेले आणि भाऊ ह्यांच्याच ट्रकवर ड्रायव्हर. त्यानं मला पुढच्या एसटीनं परत आणून सोडलं असतं आणि वर माफी मागितली असती. बापूभावजींना सांगावं तर ते भोळे पण डोक्यानं तापट. ऐकल्या ऐकल्या खरंच तलवार घेऊन धावत आले असते आणि संग्रामरावांना खंडेनवमीपर्यंत थांबावंही लागलं नसतं. पळून जावं तर केतकीला घेऊन जाऊ देणार नव्हते, आणि तिला टाकून मी जाणार नव्हते. इकडे आड, तिकडे विहीर, आणि कठड्यावर मी चहाचा ट्रे घेऊन उभी.

एकदा ओढ्याकाठी बापूभावजी भेटले. शेरडांच्या मागं होते. इकडंतिकडं बघून त्यांनी धोतराच्या सोग्यातली सीताफळं माझ्या पाटीत टाकली. “केतीला द्या. माझं नाव सांगू नका, न्हाईतर दादा फेकून देतील.” मग चार पावलं जाऊन वळले. “वैनी, औंदा साडी कुठल्या रंगाची घिऊ? तो दुकानदार दरसाल मला जांभळीच गळ्यात मारतोय.”

मी म्हटलं, “हिरवी आणा. आंब्याच्या पानासारखी.” आणि पाटी डोक्यावर घेऊन निघाले, कारण आणखी थोडा वेळ थांबले असते तर त्यांच्यापुढं हंबरडाच फोडला असता.

जिल्ह्याच्या साहेबांपुढच्या मुलाखतीचा दिवस उजाडला तेव्हा नवरात्र तोंडावर आलं होतं. एवढीच पायरी उरली होती. ती ओलांडली की लायसन, आणि दुकानात हत्यार बाजूला काढून ठेवलेलंच होतं. जाताना संपूर्ण वाटभर संग्रामरावांनी माझ्याकडून पाठ करून घेतलं. धोका कोणापासून? चुलत दिरापासून. हत्यार कुठं ठेवणार? लोखंडी कपाटात, कुलपात, किल्ली माझ्याकडं. “जास्त बोलू नगंस. इचारलं तेवढंच. तुझी जीभ घसरली तर माझ्याशी गाठ हाय.”

साहेब तरुण होते आणि सर्दीनं हैराण. टेबलावर फायलींचा ढीग आणि हातात नाकाला लावायची नळी.

“अर्जदार कोण?”

“मिसेस,” संग्रामराव म्हणाले. “पण साहेब, तिला बोलायची सवय न्हाई. मीच सांगतो की.”

“लायसन तुम्हाला पाहिजे की त्यांना?”

“त्यांनाच.”

“मग त्या सांगतील. तुम्ही बसा.”

संग्रामराव माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले. टेबलाखाली त्यांचा बूट माझ्या पावलावर येऊन टेकला. दाबला नाही, नुसता ठेवला.

“बोला बाई. हत्यार कशाला हवंय?”

“जिवाला धोका आहे.”

“कोणापासून?”

“चुलत दीर. यशवंत काटकर.”

“ते तलवार घेऊन तुमच्या दारात आले, असं जबाबात आहे.”

“हो. येतात.”

“कधी आले होते?”

“खंडेनवमीला,” मी म्हटलं.

साहेबांनी मान वर केली. “खंडेनवमीला?”

“दरसाल येतात की. वाजतगाजत. मी ओवाळते ना त्यांना, मग साडी टाकतात ओवाळणीत. यंदा हिरवी सांगितलीय मी.”

बूट दाबला गेला. संग्रामराव हसले. “साहेब, घाबरलीय ती. पुजेचं येगळं आन् हे येगळं. मधी एकदा तो—”

“मी त्यांना विचारतोय.” साहेबांनी नळी नाकाला लावली, खोल ओढली. “बाई, या दिरांनी तुम्हाला जिवे मारायची धमकी दिली?”

“बापूभावजींनी? मला?” मी नवऱ्याकडं वळले. “दिली का हो?”

दाराशी उभा असलेला शिपाई खोकला. साहेबांनी पेन खाली ठेवलं. माझं पाऊल बुटाखाली ठणकत होतं, आणि मला हसू येत होतं की रडू, तेच समजत नव्हतं. अंगावरचा पदर मी दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.

“बरं. रिव्हॉल्व्हर मिळालं तर ते कुठं ठेवणार?”

“लोखंडी कपाटात, कुलपात, किल्ली माझ्याकडं,” मी एका दमात म्हणून टाकलं, शाळेत पाढा म्हणावा तसं. आणि साहेब मान हलवून लिहायला वाकले तेव्हा म्हटलं, “म्हणजे तसं सांगायचं ठरलंय. पण कपाटात ठेवून कसं चालेल साहेब? ह्यांच्या कमरेला लागणार ना ते. ह्यांना तुम्ही दिलं नाही, म्हणून तर माझ्या नावावर घ्यायचं. मला काय करायचंय त्यातलं? ह्यांनी हौसेनं भेट दिलीय लग्नाच्या वाढदिवसाची. पट्टासुद्धा ह्यांच्याच मापाचा आणलाय. बायकोनं नवऱ्याच्या उपयोगी पडावं, एवढंच आपलं.”

बूट उचलला गेला.

साहेबांनी माझ्याकडं निरखून बघितलं. मी मान खाली घातली. त्यांना काय उमगलं आणि काय नाही, हे मला आजतागायत माहीत नाही.

“काटकर,” ते म्हणाले, “लायसन माणसाला देतात, घराला देत नाहीत. बायकोच्या नावावर घ्यायचं आणि नवऱ्यानं कमरेला लावायचं, हा गुन्हा आहे. तुमच्यासाठी खोटा जबाब देणं, हाही गुन्हा आहे. आणि तुमच्यावर मारहाणीची केस असताना ठाण्यानं त्याचा एक शब्द इथं का लिहिला नाही, ते मी फौजदारांना विचारणार आहे.”

“साहेब, बायकी बोलणं ते. तिला मुळात डोकं कमी—”

“असेल. तुम्हाला तर आहे ना?” साहेबांनी फाईल मिटली. “अर्ज नामंजूर. आणि ऐका. या यशवंतरावांना उद्या साधी ठेच लागली, तरी पहिली गाडी तुमच्या दारात येईल. तसं मी लेखी ठेवतोय.” मग माझ्याकडं न बघता, “बाई, तुम्ही या आता.”

बाहेर आल्यावर संग्रामरावांनी जीप सुरू केली नाही. ती आवारातल्या लिंबाखाली उभी होती. लोक कागद घेऊन जात-येत होते. ते अगदी हळू आवाजात म्हणाले, “मुद्दाम केलंस?”

“काय?”

“येड पांघरून पेडगावला चाललीयस व्हय?”

“पेडगावला?” मी म्हटलं. “घरी नाही का जायचं?”

मुस्काटात बसली. ती बसणार हे मी धरूनच चालले होते. न धरलेलं पुढं होतं. त्यांनी माझी हनुवटी धरली आणि माझे डोळे बघायला लागले. एक एक करून दोन्ही. विहिरीत पडलेली घागर शोधावी तसे वाकून बघत होते. तिथं जर त्यांना मी दिसले असते, खरी मी, जिनं पंधरा दिवस भाकरी थापताना, केतकीची वेणी घालताना, देवापुढं दिवा लावताना साहेबांपुढचा एक एक शब्द जुळवला होता, तर त्या दिवशी मी घरी पोचले नसते. मी नाही म्हटलं असतं तर त्यांना कळलं असतं. मी साहेबांना खरी भीती सांगितली असती, तरी त्याच जीपमधून, त्यांच्याच शेजारी बसून मला परतायचं होतं. खुळेपणाची एकच वाट उघडी होती, आणि ती त्यांनीच मला वर्षानुवर्षं रुळवून दिली होती.

मी रडायला लागले. ते रडणं खरं होतं, भीतीचं होतं. “माझं काय चुकलं हो? सगळं खरंच तर सांगितलं मी.”

त्यांनी हनुवटी सोडली. बायकोनं आपल्याला आडवं पाडलं, हे मानण्यापेक्षा बायको खुळी आहे हे मानणं त्यांना सोपं गेलं असावं. खिडकीतून थुंकून ते म्हणाले, “खुळी ती खुळीच. कुठल्या मुहूर्तावर गळ्यात बांधून घेतली.” आणि किल्ली फिरवली. शिवी खाऊन माझा जीव एवढा थंड कधीच झाला नव्हता.

गावात कुजबुज व्हायच्या आत संग्रामरावांनी स्वतःच त्या गोष्टीचा विनोद करून टाकला. साहेबांनी दम भरल्याचं त्यात नव्हतं आणि जबाबातलं नावही नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. पारावर, क्रशरवर, लग्नाच्या पंगतीत ते सांगायचे आणि माझा आवाज काढायचे, “ह्यांच्या कमरेला लागणार ना ते!” लोक पोट धरून हसायचे. फौजदारांची बदली झाली. टेकडीला सुरुंग लागला नाही. साहेबांची ती लेखी ठेवलेली ओळ संग्रामरावांच्या मनात कायमची बसली असावी. बापूभावजींना एकदा ताप भरला तर स्वतःच्या जीपमधून दवाखान्यात घेऊन गेले, एवढे त्यांच्या जिवाला जपायला लागले.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला मी ताट घेऊन उंबऱ्यात उभी होते. हलगी फाटकाशी थांबली. बापूभावजी तलवार घेऊन एकटे अंगण ओलांडून आले. माझ्या पाठीमागं दाराआड कुणी नव्हतं, हे मी तीनदा वळून बघितलं होतं, तरी पायावर पाणी घालताना माझे कान मागंच होते. अर्धं पाणी माझ्याच पायांवर सांडलं. भावजींनी ताटात हिरवी साडी टाकली आणि मिशीत हसत म्हणाले, “वैनी, दादांचं रिव्हॉल्व्हर घालवलंत म्हणं?”

“घालवलं बाई,” मी म्हटलं आणि त्यांना ओवाळलं.

खुळेपण एकदा अंगावर घेतलं की ते धुतलं जात नाही. गावच्या सरपंचपदी बायकांची पाळी आली तेव्हा माझं नाव पुढं आलं होतं. मला व्हायचं होतं, अगदी मनापासून व्हायचं होतं. संग्रामरावांनी हसत हसत मोडता घातला, “तिला सायबापुढं उभी करू नका रं बाबांनो.” बँकेत, दवाखान्यात, शाळेत माझ्यासाठी दुसरंच कोणीतरी बोलायचं. केतकी ती गोष्ट ऐकतच मोठी झाली. तिचा माझ्यावर जीव आहे, पण कागद समोर आला की ती माझ्या हातातून तो काढून घेते आणि म्हणते, “राहू दे आई, मी बघते.” तिला खरं सांगायचं असेल तर तिचा बाप काय करायला निघाला होता ते सांगावं लागतं. ते माझ्याच्यानं झालं नाही, आणि आता होणारही नाही.

परवाच्या वैशाखात केतकीचं लग्न नोंदवायला आम्ही पुण्याला कचेरीत गेलो होतो. संग्रामरावांना आता साखरेनं गाठलंय, काठी घेऊन चालतात. बापूभावजीही आले होते, पांढराशुभ्र फेटा बांधून. पुतणीच्या लग्नाला साक्षीदार म्हणून सही करायची त्यांची हौस. टेबलामागचे अधिकारी कागद बघत होते. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. “मुलीच्या आई तुम्हीच ना? बाई, एक विचारतो—”

“तिला नको,” संग्रामराव म्हणाले. “मला विचारा, मी सांगते,” केतकी म्हणाली. आणि त्या दोघांवर आवाज चढवून बापूभावजी म्हणाले, “सायेब, आमच्या वैनीला कायबी इचारू नका. इचारलं की सगळं खरं सांगून बसत्यात!”

सगळी कचेरी हसली. जावई हसला, अधिकारी हसले, केतकीनं हसत हसत माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं. मीही तोंडाला पदर लावून हसले. सगळ्यांत मोठ्यानं बापूभावजी हसत होते, मांडीवर थापा मारत, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. सत्तरी ओलांडलेला माणूस. त्यांना दम लागला. मग मी उठून कोपऱ्यातल्या माठातलं पाणी आणून त्यांना दिलं.